नखलेचं नाव कुणी खोडलं?

१

सोमवारी सकाळी तन्नूस दारात येऊन उभा राहिला तेव्हा ओल्गा द्राक्षाच्या पानांत भात भरत बसली होती. तिने मान वर केली नाही. तन्नूस येतो तो काहीतरी मागायलाच येतो, आणि मागणाऱ्याला थोडं ताटकळत ठेवलेलं बरं, असं तिचं मत होतं. पण आज त्याने काहीच मागितलं नाही.

"अबूना, रविवारचे लग्नाचे मुकुट कपाटातच राहू द्या," तो म्हणाला. "अबू नखलेंचा निरोप आहे. त्यांच्या नदीमचं लग्न होणार नाही."

अबूना जिर्जिस हे ऐन शरबीनचे पाद्री. गावातल्या निम्म्या जोडप्यांच्या डोक्यावर त्यांनीच मुकुट ठेवले होते, पण ठरलेलं लग्न असं उंबऱ्याबाहेरून मोडलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. बोलली ती ओल्गा, त्यांची बायको.

"का रे? लमीसने काय केलं?"

"तिने नाही, खूरिये. तिच्या भावांनी." पाद्र्याच्या बायकोला डोंगरातली माणसं खूरियेच म्हणतात, आणि थोरल्या मुलाच्या नावावरून बापाला अबू, आईला उम. "काल तिघांनी मिळून नखलेचं नाव खोडलं."

काल गावच्या पालिकेची निवडणूक झाली होती. ऐन शरबीनमध्ये निवडणूक म्हणजे सलीबा आणि बशूर या दोन घराण्यांची जुनी कुस्ती. जागा नऊ. प्रत्येक घराणं आपली नऊ नावं चिठ्ठीवर छापून आणतं आणि आपल्या माणसांना वाटतं. मतदाराने पडद्याआड जायचं, चिठ्ठी लिफाफ्यात घालायची, लिफाफा पेटीत टाकायचा. एखादं नाव नको असेल तर त्यावर रेघ मारायची मोकळीक असते, पण ती मोकळीक कायद्यात. गावात कोण मारतो रेघ? तर काल सलीबांचे आठ जण निवडून आले आणि पडला तो एकटा नखले, म्हणजे अबू नखलेंचा थोरला, ज्याला अध्यक्ष करायचं म्हणून एवढा खटाटोप केला तोच. आणि पडला तोही फक्त दोन मतांनी.

"मत गुप्त असतं ना रे?" ओल्गाने विचारलं.

"असतंच की."

"मग तुला कसं कळलं कुणी खोडलं ते?"

तन्नूस हसला. तो अबू नखलेंचा चुलतभाऊ, आणि निवडणूक आली की त्यांचा उजवा हात. "मत गुप्तच असतं, खूरिये," तो म्हणाला. "पण आम्हाला माहीत आहे. शंभर टक्के."

तो गेल्यावर ओल्गाने हातातलं पान तसंच खाली ठेवलं. लमीसच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरून उभी होती ती ओल्गाच. बाप गेल्यापासून त्या पोरीचं बरंवाईट तिने आपलंच मानलं होतं.

"अहो, हा इतका खात्रीने कसा बोलतोय?" तिने नवऱ्याला विचारलं.

"माझ्याकडे बघू नकोस," अबूना म्हणाले. "मला काही माहीत नाही. आणि असलं, तरी माहीत नाही."

एवढं बोलून ते देवळाकडे चालू लागले. ओल्गाने हात धुतले आणि डोक्याला रुमाल बांधला.

२

लमीसच्या आईच्या, उम रिझकच्या घरी लग्नाचा पांढरा पोशाख कपाटाच्या दाराला लटकत होता आणि त्याच्यासमोर घरचे सगळे प्रेताजवळ बसावं तसे बसले होते. रिझक, त्याचे दोन भाऊ, त्यांची आई. लमीस आतून कॉफी घेऊन आली. डोळे सुजलेले, पण तबक तिने मेजावर आपटूनच ठेवलं. ही पोर रडून झाली आहे, आता रागावण्याच्या वाटेवर आहे, हे ओल्गाने ओळखलं आणि तिला बरं वाटलं.

"मी जन्माने बशूर," उम रिझक म्हणाली. "लग्न होऊन या सलीबांच्या घरात आले त्या दिवशी माझं नावसुद्धा इकडच्या मतदार यादीत आलं. पण इतकी वर्षं झाली, कुठे काही सांडलं की बघतात माझ्याकडेच. खूरिये, माझा नवरा आजारी होता तेव्हा राजधानीच्या दवाखान्यात खाट मिळत नव्हती. अबू नखलेंनी एक फोन केला, दुपारी खाट. मरायचा तो मेलाच. पण पांढऱ्या चादरीवर मेला. त्या माणसाच्या मुलाचं नाव मी खोडीन?"

"तुम्ही नाही हो. ही तुमची पोरं," ओल्गा म्हणाली आणि रिझककडे वळली. "खरं सांग. खोडलंस?"

रिझक बैरूतला छापखान्यात होता. मागे तिथे पुढाऱ्यांविरुद्ध रस्त्यांवर माणसं उतरली होती तेव्हा हाही त्यांच्यात होता, आणि गावाने ते अजून विसरायचं मनावर घेतलं नव्हतं.

"खोडायचं मनात होतं," तो म्हणाला. "बसमध्ये सबंध वाट तोच विचार करत होतो. नखले अध्यक्ष झाला की झऱ्याच्या वरचा डोंगर खडी फोडायला देणार, हे काय लपलंय? पण घरी आलो, हा पोशाख बघितला. म्हटलं, बहिणीला ज्या घरात पाठवायचंय त्या घराशी वाकडं नको. नाही खोडलं, खूरिये. आणि आता लाज वाटते ती त्याचीच. ज्याने कुणी खोडलं त्याचा मला हेवा वाटतो."

"तू?" तिने मधल्याला विचारलं. त्याने नुसती मान हलवली.

"आणि तू रे?"

धाकटा इल्यास एवढ्या सुतकातही दात काढत होता. "मी चिठ्ठी उघडून बघितली तेवढी. नखलेचं नाव सगळ्यात वर! म्हटलं, आत्ताच डोक्यावर बसलाय, निवडून आल्यावर कुठे बसेल?"

"गप रे मेल्या," आई म्हणाली.

"चिठ्ठ्या तुम्हाला कुणी दिल्या?"

"आईचा लिफाफा होता ना, त्यातल्या."

उम रिझकने खुलासा केला. सकाळी तन्नूस घरोघरी लिफाफे वाटून गेला. तिच्या लिफाफ्यात पाच चिठ्ठ्या, दोन बायकांच्या आणि तीन मुलांच्या. ती आणि लमीस पहाटेपासून अबू नखलेंच्या स्वयंपाकघरात होत्या. बैरूतहून मतं द्यायला येणाऱ्या साऱ्या सलीबांचं जेवण तिथेच शिजत होतं. मायलेकींनी आपापली चिठ्ठी घेतली, मत देऊन आल्या, आणि उरलेल्या तीन चिठ्ठ्यांचा लिफाफा तिथेच फळीवर ठेवून दिला. दुपारी मुलं उतरली, घरी पिशव्या टाकून तिथेच जेवायला आली. लिफाफा उघडला, चिठ्ठ्या घेतल्या, शाळेत जाऊन मतं देऊन आली.

"लिफाफ्यात तेव्हा तीनच होत्या?"

"मोजून तीन."

ओल्गा उठली. तिघांपैकी कुणी खोटं बोलत नाही, याची तिला खात्री होती. पण आपली खात्री अबू नखलेंपुढे ठेवायला काय कामाची? मग दारापर्यंत सोडायला आलेली लमीस हळूच म्हणाली, "खूरिये, नदीमचा फोन बंद आहे. वडिलांपुढे तो कधी एक शब्द बोलला नाहीये. मी त्याची वाट बघू, की पोशाख परत करू?"



३

तन्नूसला बोलतं करायचा एकच उपाय होता: त्याच्यावरच आळ घ्यायचा. ओल्गाला तो उपाय फार आवडला, कारण त्यात थोडी मजाही होती.

तो आपल्या दुकानापुढे खुर्ची टाकून बसला होता. ओल्गाने दुसरी खुर्ची ओढली.

"तन्नूस, गावात काय बोलतायत माहीत आहे? म्हणतायत, नखले पडला की अध्यक्ष कोण? यादीतला वयाने मोठा तोच ना? म्हणजे तू."

"कोण बोलतं?" तो ताडकन सरळ झाला.

"नावं कशाला हवीत? म्हणतायत, तन्नूसने आपल्याच माणसांना खोडायला लावलं आणि खापर गरीब विधवेवर फोडलं. मी म्हटलं, नाही बाई, तन्नूस तसा नाही. पण मला विचारतात, पुरावा काय? मी काय सांगू?"

तन्नूसचे कान लाल झाले. त्याने दुकानात डोकावून पाहिलं, मग खुर्ची जवळ घेतली.

"शपथ घ्या, कुणाला सांगणार नाही."

"पाद्र्याच्या घरात शपथ खात नाहीत. तू सांग."

मग तन्नूसने सांगितलं. दर घराची चिठ्ठी निराळी छापलेली असते. नावं तीच नऊ, पण क्रम वेगळा. एका घराला डॉक्टर हन्ना वर, दुसऱ्याला तन्नूस वर, तिसऱ्याला आणखी कुणी. मतं मोजताना शाळामास्तर प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने वाचतो, वरून खाली. ऐकणाऱ्याला क्रम पाठ असला की चिठ्ठी कुणाच्या घरातली ते कळतं.

"सगळे क्रम इथे," त्याने कपाळावर बोट ठेवलं. "कागदावर काही नाही. माझ्या बापाने मला शिकवलं. अबू नखलेंनाही सगळं माहीत नाही. बाहेरचं कुत्रंही ओळखणार नाही."

किती वर्षं ओल्गा पडदा सरकवून आत जात होती, लिफाफा चिकटवत होती, आणि बाहेर येऊन वाटायचं की निदान एवढी एक गोष्ट तरी आपल्यापाशी राहिली. पाद्री कुणाच्या बाजूचा नसतो म्हणून तिला दोन्ही घराण्यांच्या चिठ्ठ्या मिळत. त्यांचेही क्रम होते तर.

"उम रिझकच्या घरचा क्रम कोणता होता?" तिने विचारलं.

"डॉक्टर हन्ना पहिला. नखले अगदी तळाला. त्या क्रमाच्या तीन चिठ्ठ्यांवर नखलेवर रेघ. तीन भाऊ, तीन चिठ्ठ्या. आता बोला."

"नखले तळाला?"

"हो."

"मग नखलेचं नाव सगळ्यात वर, अशी चिठ्ठी कुणाच्या घरची?"

तन्नूसला प्रश्नच विचित्र वाटला. "ती एकाच घराची. अबू नखलेंची. आपल्या मुलाच्या डोक्यावर दुसऱ्याचं नाव ते स्वतःच्या घरात येऊ देतील होय?"

ओल्गा खुर्चीवरून इतक्या झटक्यात उठली की तन्नूस दचकला. "तुझी बायको कुठे आहे?" तिने विचारलं.

४

तन्नूसची बायको अदला मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होती. शाळेत मतदानाच्या खोल्या दोन असतात, पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. पेट्याही वेगळ्या, मोजणीही वेगळी. पुरुषांच्या खोलीत सलीबांतर्फे तन्नूस बसला होता, बायकांच्या खोलीत अदला. आपले क्रम त्याने बायकोकडून पाठ करून घेतले होते.

"अदला, त्या तीन खोडलेल्या चिठ्ठ्या तुझ्या कानांनी ऐकल्यास ना?"

"हो."

"म्हणजे त्या बायकांच्या पेटीतल्या."

अदलाने चादरीचं टोक दोरीवर टाकलं आणि नीट ताणलं. "माझ्या खोलीत दुसरी पेटी कुठली असणार?"

"तन्नूसला हे सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, कुणाच्या घरच्या? मी सांगितलं, उम रिझकच्या. त्यांनी तिथल्या तिथे म्हटलं, 'बघ, ते बैरूतवाले!' आणि निघून गेले. कुठल्या खोलीतल्या, हे त्यांनी विचारलं नाही." ती जराशी हसली. "बायका खोडतील असं त्यांच्या मनातसुद्धा येत नाही हो. आमची मतं म्हणजे त्यांच्या ताटातली भाकरी. ती उठून दुसऱ्याच्या ताटात जाईल कशी?"

"त्याच क्रमाच्या न खोडलेल्या किती?"

"दोन."

"पुरुषांच्या खोलीत त्या क्रमाची एकही नाही?"

"ते म्हणाले नाहीत. पण असती तर सहा झाल्या असत्या, आणि घरात माणसं पाचच." अदला थांबली. तिला हे आधीच कळलेलं असावं, आणि कळून तिने ते स्वतःपुरतं ठेवलं असावं.

"पोरीचं लग्न मोडतंय, अदला. आणि तू गप्प?"

"मी बोलले तर कुणीतरी दुसरी मोडेल. कोण ते मला माहीत नाही आणि जाणूनही घ्यायचं नाही." तिने उरलेली चादर झटकली. "पडद्याआड जरा उशीर लागला की सगळी खोली टक लावून बघते, खूरिये. आत पेन्सिल फिरतेय म्हणतात. काल कुणालाच उशीर लागला नाही. म्हणजे रेघ घरूनच मारून आणलेली. आणि घरून आणायची, तर चिठ्ठी आधी हातात हवी."

"सगळ्यांच्याच हातात आधी असते की."

"सगळ्यांच्या नाही," अदला म्हणाली आणि रिकामी बादली उचलून आत गेली.

ओल्गा अंगणातच उभी राहिली. आणि मग तिला काल सकाळी शाळेच्या पायऱ्यांवर पाहिलेलं आठवलं. अबू नखले आपल्या घरच्या बायकांना स्वतः घेऊन आले होते. कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी घडी घातलेल्या चिठ्ठ्या काढल्या आणि दाराशी एकेकीच्या हातात ठेवल्या. हरवू नयेत म्हणून, असं ते दर वेळी म्हणतात.

५

अबू नखलेंच्या दिवाणखान्यात पुरुषांची गर्दी होती. मयताला जमावी तशी सारी सलीबा मंडळी नखलेच्या पराभवाला जमली होती. ओल्गा मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेली. तिथे उम नखले एकटीच कॉफीचे कप विसळत होती.

"बसा, खूरिये."

"बसत नाही. तुम्हाला एक गोष्ट सांगते. कुठे चुकलं तर सांगा." ओल्गाने दार लोटून घेतलं. "उम रिझकच्या चिठ्ठ्या पाच. पाचही बायकांच्या पेटीत निघाल्या. पण तिच्या घरात बायका दोनच. म्हणजे मुलांसाठी ठेवलेल्या तीन चिठ्ठ्या दुसऱ्या तीन बायकांनी टाकल्या. बरोबर?"

उम नखले कप विसळत राहिली.

"मुलं दुपारी आली तेव्हा लिफाफ्यात पुन्हा तीन चिठ्ठ्या होत्या. पण त्या वेगळ्या. इल्यासच्या चिठ्ठीवर नखलेचं नाव सगळ्यात वर होतं. तशी चिठ्ठी गावात फक्त या घरची. म्हणजे ज्या तिघींनी लिफाफ्यातून चिठ्ठ्या काढल्या, त्यांनीच मत देऊन आल्यावर आपल्या न वापरलेल्या चिठ्ठ्या तिथे आणून ठेवल्या. या घरच्या बायका तीन. तुम्ही, नखलेची बायको रीमा, आणि तुमची लेक सल्वा. तुमच्या चिठ्ठ्या अबू नखलेंच्या खिशात, दाराशी हातात पडणार. रेघ मारायला आधी मिळायच्या नाहीत. म्हणून शेजारणीच्या उसन्या घेतल्यात."

"आणि परतही केल्या!" उम नखले एकदम म्हणाली. चोरीचा आळ आल्यासारखा तिचा आवाज चढला. "पोरं दुपारी येणार होती. लिफाफा रिकामा बघून त्यांनी काय करायचं? वाटीभर साखर घेतली तरी मी परत देते, खूरिये. चिठ्ठी ती चिठ्ठी. नावं तीच नऊ."

"नावं तीच. क्रम वेगळा."

आणि ओल्गाने तिला सांगितलं. चिठ्ठ्यांवर घराघराचा क्रम कसा असतो, तन्नूस कसा कान देऊन ऐकतो, आणि परत ठेवलेल्या उसनवारीने लमीसच्या घरावर काय आणलं. ऐकता ऐकता उम नखले खाली स्टुलावर बसली. हातातला कप तिने मांडीवर धरून ठेवला होता. त्यातलं पाणी तिच्या झग्यावर सांडत होतं ते तिला कळलं नाही.

"मला वाटलं, पोरं बैरूतची म्हणून यांनी अंदाजाने आळ घेतलाय," ती म्हणाली. "राग उतरला की लग्न लागेल, असं वाटलं. मला काय माहीत, मी माझ्याच हाताने..."

"का खोडलंत?"

पलीकडून पुरुषांचे आवाज येत होते.

"खडीवाला दोनदा जेवायला आला होता या घरी," उम नखले म्हणाली. "मी वाढत होते. वाढणारीला कान नसतात असं वाटतं त्यांना. नखले म्हणाला, डोंगर तुमचा, झऱ्याचं काय ते मी बघून घेईन, लोक चार दिवस ओरडतील. खूरिये, तो वाईट नाही. पण लहानपणापासून त्याला कुणी 'नाही' म्हटलेलं नाही. यांनी म्हटलं नाही, मी म्हटलं नाही. उद्या अध्यक्ष झाला की म्हणणारं कुणी उरलंच नसतं. आईने एकदा तरी म्हणायला हवं होतं. तोंडाने जमलं नाही. पेन्सिलीने म्हटलं."

"आणि रीमा? सल्वा?"

"मी एकच चिठ्ठी खोडणार होते. पण लिफाफ्यात तीन होत्या, हात थांबला नाही. तिन्हींवर रेघ मारून कॉफीच्या डब्यामागे ठेवल्या. कुणाला काही बोलले नाही. एक मी घेतली. निघताना डब्यामागे बघितलं, तर दोन्ही नव्हत्या. आल्यावर लिफाफ्यात बघितलं, तर माझी ठेवायच्या आधीच दोन घड्या पडलेल्या. कालपासून आम्ही तिघी यावर एक शब्द बोललेलो नाही. रीमाचं कारण काय, मला माहीत नाही. असेल तिचं तिच्यापाशी."

ओल्गा तिच्याजवळ वाकली. "उम नखले, मी हे कुणाला सांगणार नाही. मत तुमचं आहे. तुमच्या तोंडून निघालं तरच निघेल. पण तुम्ही गप्प राहिलात तर पोशाख परत जाईल, आणि त्या तिघा भावांना या गावात मान वर करता येणार नाही. यातून तिसरी वाट मला दिसत नाही. दिसली असती तर तीच सांगायला आले असते."

उम नखलेने डोळे पुसले. मग उठून तिने फळीवरून मोठं भांडं काढलं.

"आत किती जण आहेत?" तिने विचारलं.

"सगळे आहेत."

"मग कॉफी मोठ्या भांड्यात ठेवते."

६

दिवाणखान्यात बायका कॉफी देतात आणि परत जातात. उम नखलेने सगळ्यांना कॉफी दिली, रिकामं तबक मेजावर ठेवलं आणि तिथेच उभी राहिली. ओल्गा स्वयंपाकघराच्या दारात होती. तिच्या मागे रीमा आणि सल्वा येऊन कधी उभ्या राहिल्या, तिला कळलं नाही.

"काय हवंय?" अबू नखलेंनी विचारलं.

"उम रिझकच्या पोरांनी खोडलेलं नाही," ती म्हणाली. "मी खोडलंय. मी तिच्या चिठ्ठ्या उसन्या घेतल्या होत्या."

कुणाच्या तरी हातातला कप बशीवर आपटला. तन्नूसचं तोंड उघडं पडलं. तो बोटांवर काहीतरी मोजत होता, आणि हिशेब जुळत चालला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. नखले उभा राहिला. उंच, धिप्पाड माणूस. पण आवाज निघाला तो शाळेतल्या पोराचा.

"आई, तू?"

"मी. तुझ्यावर माया नाही म्हणून नाही, नखले. माया आहे म्हणून."

"तीन चिठ्ठ्या होत्या," तन्नूस म्हणाला. "बाकीच्या दोन कुणी..."

"रेघा तिन्हींवर माझ्याच आहेत," उम नखले म्हणाली. "पुढचं विचारू नका, तन्नूस. तुम्ही लोकांच्या मतांत फार कान घालता."

ओल्गाला मागून कुणीतरी श्वास सोडल्यासारखं वाटलं. तिने वळून पाहिलं नाही.

कोपऱ्यातून नदीम उठला. वडिलांकडे त्याने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित पुन्हा खाली बसला असता. "मी लमीसकडे जातो," तो म्हणाला. "माफी मागायला. तिने घरात घेतलं तर रविवारी लग्न आहे, नाही घेतलं तर त्याला कारण मी आहे." तो गेला.

मग सगळ्यांच्या नजरा अबू नखलेंकडे वळल्या. म्हातारा ओरडेल, काठी आपटेल, कदाचित बायकोला माहेरी पाठवेल, असं सगळ्यांनाच वाटत होतं. ओल्गालाही वाटत होतं. हा माणूस कुणाचं दवाखान्यात काम करून देई, कुणाच्या पोराला नोकरी लावी, कुणाच्या दारापर्यंत डांबर टाके, आणि बदल्यात घडी घातलेला एक कागद पेटीत टाकून घेई. आपण लोकांना विकत घेतो असं त्याला कधीच वाटलं नव्हतं. आपण लोकांना सांभाळतो, असंच तो समजत होता. आणि निम्मं ते खरंही होतं. म्हणूनच तर एवढं अवघड होतं.

"चाळीस वर्षं," अबू नखले म्हणाले. "चाळीस वर्षं या घरातलं एकही मत इकडचं तिकडे गेलं नाही. की तेव्हाही तू...?"

"तेव्हाचं मला माहीत नाही," उम नखले म्हणाली. "तुम्ही घडी हातात द्यायचात, मी टाकायचे. आत कुणाची नावं आहेत ते मी कधी उघडून बघितलंच नाही. तुम्ही कधी विचारलं नाहीत, मला काय वाटतं."

अबू नखले आपल्या बायकोकडे बघत राहिले. घरात इतकी वर्षं वावरणारं माणूस पहिल्यांदा दिसावं तसे ते बघत होते. मग त्यांनी हातातली कॉफी खाली ठेवली, शेजारी बसलेल्या तन्नूसला हाताने उठायची खूण केली, आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बस," ते म्हणाले. "आणि सांग. का खोडलंस?"

पुरुषांच्या भरल्या बैठकीत उम नखले खुर्चीवर बसली. तिने झगा सारखा केला, एकदा मुलाकडे पाहिलं, आणि खडीवाला पहिल्यांदा जेवायला आला त्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.